नावडतीचा कसूर

सिद्रामप्पांच्या घरी पहिल्यांदा जेवलो तेव्हा पहिल्याच घासाला मी हबकलो. वरणात मीठ नव्हतं. वाटलं, विसरले असतील. भाजी चाखली, तिच्यातही नव्हतं. ताटाच्या कडेला मीठ वाढलेलं नव्हतं, फडताळात बरणी नव्हती. त्या अख्ख्या घरात मिठाचा खडा नव्हता. आणि समोर कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेला हा पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ तेच वरण भाकरीत कुस्करून मजेत ओरपत होता.

"आप्पा, बीपी आहे का तुम्हाला?"

"आपल्याला? न्हाई बा. डाक्टरचं तोंड बगितलं न्हाई कदी."

"मग मीठ?"

"मिठाचं अन् आपलं बोलनं बंद हाय," असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पळी वाढली.

दुसऱ्या दिवसापासून मी खिशात मिठाची पुडी बाळगू लागलो. पुढे कळलं की गल्लीतल्या लग्नात आचारीसुद्धा भाजीत मीठ टाकण्याआधी 'आप्पाची वाटी' बाजूला काढतात. विचारलं की म्हणत, पहिल्यापासून असंच आहे. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, हे कुणी सांगेना.

मी मूळचा उमरीचा, नोकरीला नांदेडात. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तिथल्या कचेरीत माणसं हवी होती, आणि नको असलेली माणसं पाठवण्याची संधी कुठलंही खातं सोडत नाही. पाटीवरचा रंग ओला होता, जुन्या जिल्ह्यातून फायली पोत्यात भरून येत होत्या आणि जिल्ह्याच्या आधीच दुष्काळ येऊन बसला होता. मला टंचाई शाखेत टाकलं. लातुरात टंचाई पाण्याची होती, पण मला पहिली जाणवली ती खोल्यांची. माझं वाघमारे हे आडनाव ऐकलं की घरमालकाला आठवे, की खोली भाच्यासाठी ठेवलीय. त्या महिन्यात लातुरात इतके भाचे शिकायला येणार होते की शाळा पुरल्या नसत्या.

आप्पांनी आडनाव ऐकलं आणि विचारलं, "काय करता?"

"टंचाई शाखेत कारकून आहे."

"आन् त्याबिगर?"

"गोष्टी लिहितो."

ते एकदम ताठ बसले. "छापून आल्यात?"

"एक आलीय."

"मंग ऱ्हावा. बाकीचं मागून बोलू, आदी गोष्ट दाखवा."

खोली मिळण्याची ही रीत मी आजवर पाहिली नव्हती. गोष्ट दाखवली नसती तर बरं झालं असतं, हे मात्र आठवड्याभरात कळलं.

आप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. तांब्या-पितळेची, नव्या चालीची स्टीलची. भांडं घेतलं की त्यावर नाव घालायचं काम ते स्वतः करत. मांडीवर घागर आडवी घेऊन छिन्नी-हातोडीनं टिकटिक टिकटिक, एकेक टिंब ठोकत अक्षर उमटवायचे. अक्षर मोत्यासारखं. पण नाव सांगितलं आणि घातलं, असं होत नसे.

"कुनाला द्यायची घागर?"

"भाचीला. लग्न हाय."

"कशी हाय भाची?"

"कशी म्हंजे? चांगली हाय की."

"चांगली तर घागर बी हाय. भाची कशी हाय? रागावली की बोलती का गप बसती?"

गिऱ्हाईक चाट पडे. एकदा नव्या जिल्ह्यातले एक बडे साहेब पत्नीला घेऊन आले. त्यांच्या धाकट्या मेहुणीला ताटवाट्यांचा संच द्यायचा होता. आप्पांनी हातोडी खाली ठेवून शांतपणे विचारलं, "मेव्हनी भांडखोर हाय का?" साहेबांचा चेहरा असा झाला की मी दुकानाच्या मागच्या बाजूला सरकलो. माझी बदली आता थेट माहूरच्या डोंगरापलीकडे, असं मला वाटलं. पण बाईसाहेब खो खो हसल्या, "हो हो, अगदी!" म्हणाल्या. आप्पांनी मग अक्षरं जरा तिरपी काढली. भांडखोर बाईचं नाव सरळ शोभत नाही म्हणे.

पण या सगळ्यापेक्षा मोठं वेड म्हणजे नावडती.

आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेली ती कहाणीतली नावडती राणी. राजाला दोन राण्या, आवडती महालात, नावडती गावाबाहेरच्या झोपडीत, शेवटी देव पावतो आणि राजा तिला मेणा पाठवून परत आणतो. आप्पांच्या मते गोष्ट लिहिणाऱ्याला जे काही शिकायचं ते सगळं या एका बाईत होतं. आणि ते कुणीच शिकलेलं नव्हतं, मी तर नाहीच.

माझी छापून आलेली गोष्ट त्यांनी दुकानातच वाचली. नायिका सुमन. गरीब, सोशिक, पाच पानांत सहा वेळा रडते. संपादकांनी 'हृदयस्पर्शी' असं कळवलं होतं. आप्पांनी मासिक मिटलं.

"वाघमारे, ह्या बाईला भूक लागत न्हाई का?"

"म्हणजे?"

"पाच पानं झाली, बाई जेवली न्हाई. आन् गरीब हाय, सोसती, ह्यो काय सभाव झाला? ती तर परिस्थिती झाली. दुष्काळ समद्यावरच पडलाय. त्यात कोन कसं वागलं, त्यो सभाव."

मी मनातल्या मनात चिडलो. भांडी विकणाऱ्यानं मला कथा शिकवावी? पण बोलणार काय, माणूस बरोबर बोलत होता.

"आदी नावडतीला इचारा," हे त्यांचं पालुपद. "तिला झोपडीत घातलं. पयल्या दिशी तिनं काय केलं? गोष्टीत न्हाई. झाडून काढलं? चूल मांडली? का रडली?"

"रडली असेल, आप्पा."

"आसंल," ते खिन्न होऊन म्हणत. "बहुतेक रडलीच आसंल. पन पक्कं सांगता येत न्हाई." मग एकदम उसळत. "आन् तिचा कसूर काय, त्ये तरी कुनी लिवलंय का? येवढी सजा दिली, गुन्हाच नोंदला न्हाई! तुमच्या कचेरीत चालंल का?"

"चालतं," मी म्हणालो.

"आन् राजानं मेणा कामून धाडला? सोता का गेला न्हाई? पाय मोडले व्हते?"

हे ते इतक्या त्वेषानं विचारत की जणू राजा मीच. भांडी घ्यायला आलेल्या बायांनाही सोडत नसत. 'मेणा आला तर बसनार का?' यावर एक म्हातारी त्यांना म्हणाली होती, "मुडद्या, घागर दे, टँकर जाईल."

जिल्हा झाला म्हणजे जिल्ह्याला साहित्य मंडळ पाहिजेच. ते निघालं. पहिल्या सभेला बाहेरगावचे एक मोठे लेखक बोलावले. त्यांनी 'माझी नायिका' या विषयावर सव्वा तास सांगितलं. ती कशी आभाळाएवढी, धरतीएवढी वगैरे. शेवटी अध्यक्षांनी सौजन्य म्हणून 'कुणाला शंका?' असं विचारलं आणि आप्पा उभे राहिले. मी खुर्चीत जमेल तितका लहान झालो.

"साहेब, तुमची नायिका सैपाकात मीठ किती घालती?"

सभा गार. लेखक म्हणाले, "मी तसा विचार केला नाही."

"करा," आप्पा म्हणाले. "कुनी ताट ढकलून दिलं तर ती काय म्हनती, ते बी बगा. आभाळ-धरतीचं मागून बगू." आणि खाली बसले. परतताना मी त्यांच्याशी बोललो नाही. तेही बोलले नाहीत, त्यांना बहुधा माझा अबोला कळलाच नाही.

उन्हाळा चढला. आमच्या शाखेत टँकरच्या फायलींचा ढीग झाला. त्यात उदगीरकडच्या एका गावाचा तक्रार अर्ज होता. 'सदर गावातील महानंदा नावाची बाई सरकारी टँकर विहिरीत ओतू देत नाही, अडवणूक करते, पुरुषांस अपशब्द बोलते, तरी बंदोबस्त व्हावा.' खाली सात अंगठे. चौकशीला मला जायचं होतं. जेवताना मी हे गंमत म्हणून आप्पांना सांगितलं, गावाचं नावही सांगितलं.

आप्पांचा घास हातातच राहिला.

"काय अपशब्द बोलती?" त्यांनी विचारलं.

"ते अर्जात लिहिलेलं नाही."

"लिवायला पायजे व्हतं," असं म्हणून ते उठले. ताट तसंच.

सकाळी निघताना त्यांनी माझ्या हातात फडक्यात घट्ट बांधलेलं एक भांडं दिलं. चिंच लावून घासलेल्या तांब्याचा वास येत होता.

"त्या गावात त्या बाईला द्या. दुष्काळ हाय. तिच्याकडची घागर गळकी आसंल, रांगेत पानी सांडत आसंल."

"काय सांगू, कुणी दिली?"

"काय सांगू नका. वळखंल."

मला वाटलं, जुनं गिऱ्हाईक असेल. फडकं सोडून बघण्याचं मला सुचलं नाही. लेखक म्हणवून घेत होतो तरी.

टँकरच्या ड्रायव्हरशेजारी बसून गेलो. गावाच्या तोंडाशी लिंबाखाली घागरींची लांब रांग होती. प्रत्येक घागरीवर खडूनं नंबर. आणि रांगेच्या तोंडाशी, टँकरचा पाइप खांद्यावर घेतलेली, उंच, काळीसावळी, चाळिशीची बाई. गाव तिला महानंदाक्का म्हणत होता.

चौकशी दहा मिनिटांत संपली. टँकर विहिरीत ओतला की ज्यांच्या घरी धडधाकट गडी ते आधी ओढून नेत, म्हाताऱ्या-कोताऱ्यांना गाळ उरे. म्हणून अक्कानं विहीर बंद केली आणि नंबर लावले. सात अंगठे सात धडधाकट घरांचे होते.

"आणि अपशब्द?" मी वही काढली.

"बोलते की. लिवून घ्या, सांगते एकेक," ती म्हणाली. तिनं खरोखर सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या शब्दाला मी वही मिटली. माझे कान गरम झाले होते.

मग मी ते भांडं पुढं केलं. "हे लातूरहून तुमच्यासाठी पाठवलंय."

तिनं गाठ सोडली. तांब्याची जुनी घागर. गळ्याखाली टिंबाटिंबांनी घातलेलं नाव, महानंदा, आणि त्याखाली तिच्या वडिलांचं. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. रांगेतल्या एकीनं तोंडाला पदर लावला.

"काडीमोड केली म्हना की," अक्का म्हणाली. "बावीस सालानं."

आता कळलं, मी काय घेऊन आलो होतो. लग्नात बापानं दिलेलं आंदणाचं भांडं सासरी राहतं. ते माहेरी परत आलं, की संबंध संपला. आमच्या उमरीला माझ्या मावशीची भांडी अशीच बैलगाडीतून उतरली होती. आई त्या दिवशी जेवली नव्हती. आणि आज तसंच भांडं सरकारी टँकरमधून मी आणलं होतं, मांडीवर सांभाळून.

"आप्पा... तुमचे?"

"मालक. दुसरे कोन?"

तिनं सांगितलं ते एवढंच. लग्नाला वरीस झालं होतं. आडतीवरचे पाव्हणे जेवायला होते. आप्पांनी ताट ढकललं आणि म्हणाले, अळणी हाय. पाव्हण्यांपुढं रुबाब दाखवायचा होता, दुसरं काय. "मी म्हनलं, मीठ बराबर हाय, तुमी चाखलंच न्हाई. झालं. सासू खवळली, सून पाव्हन्यापुढं बोलली म्हनून. पंचमीला माहेरी धाडलं. न्यायला कुनी आलं न्हाई."

"पण त्यांनी दुसरं लग्न..."

"केलं न्हाई. ठावं हाय. बाजारची मान्सं सांगत्यात. सासू मेली त्ये बी सांगितलं."

"मग तुम्ही का नाही गेलात?"

"मी कामून जाऊ? धाडलं त्यांनी, न्यावं बी त्यांनीच."

मी तिथंच दगडावर बसलो. कहाणीत दोन राण्या असतात. आप्पांच्या घरात आवडती कधी नव्हतीच. सबंध राज्यात एकटा राजा, आणि अळणी वरण. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर रोज ताटात वाढलं जात होतं आणि मी खिशातून पुडी काढून त्यावर मीठ भुरभुरत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

"अक्का," मी म्हणालो, "ते काडीमोड करत नाहीयेत. त्यांच्या डोक्यात ते आलंच नसणार. तुमची घागर गळत असेल म्हणाले. आणि आणखी एक. ते मीठ खात नाहीत. घरात मीठच नाही. लग्नातसुद्धा अळणी खातात."

"कवापासून?"

"पहिल्यापासून, म्हणतात लोक."

ती हसली. पोट धरून, खदाखदा, पाइप खांद्यावरून निसटेपर्यंत हसली. "येडा मानूस! बावीस साल अळणी! आन् मी हितं..." पदरानं तोंड पुसलं, ते बराच वेळ पुसत राहिली.

पाणी वाटून झाल्यावर तिनं घागर घरात नेली आणि तशीच फडक्यात बांधून माझ्या हातात परत दिली. "त्या घरचं भांडं हाय, त्या घरात ऱ्हाऊ द्या. आन् सांगा, बायकूला न्यायला मुराळी म्हनून कारकून धाडत न्हाईत. पाय हायती का मोडले?"

दुकानात आप्पा ठोके देत बसले होते. माझ्या हातात घागर बघून त्यांचा चेहरा उतरला.

"घेतली न्हाई?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडलो. "आप्पा, रोज आंदणाच्या भांड्यांवर नावं घालता! आंदणाचं भांडं माहेरी परत धाडलं की त्याचा अर्थ काय होतो?"

हातोडी त्यांच्या हातातून खाली पडली. "आरं देवा. ह्ये माज्या ध्यानात कसं आलं न्हाई?" ते भिंतीला टेकले. बावीस वर्षं जिच्या स्वभावाचा अभ्यास केला, तिला ही घागर बघून काय वाटेल, एवढं त्यांना सुचलं नव्हतं. मला राग आला होता, पण तो चेहरा बघून गेला.

"मला बारीक बारीक सांगा," ते हळू आवाजात म्हणाले. "लेखकासारखं नगं. झालं तसं."

मी सांगितलं. पाइप, नंबर, शिव्या, सगळं.

"रडली का?"

"आधी हसली. पोट धरून."

"आदी हसली!" आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "बगा. आदी हसली. माज्या मनात कदी आलं न्हाई ह्ये. मी आपला समजत व्हतो, रडली आसंल."

मग त्यांनी फडकं सोडून घागरीत हात घातला. तळाशी मूठभर खडेमीठ होतं. एक खडा जिभेवर ठेवून ते डोळे मिटून बसले. गिऱ्हाईक आलं, उभं राहिलं, निघून गेलं.

"बराबर हाय," शेवटी ते म्हणाले. "तवा बी बराबरच व्हतं."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. गल्लीच्या आठवणीत पहिल्यांदाच. मेलं कोण, हे विचारायला चारजण माझ्याकडे येऊन गेले. मी सांगितलं, राजा स्वतः गेलाय. ते माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत परतले. आप्पांच्या घरी राहून याचंही फिरलं, असं त्यांना वाटलं असणार.

संध्याकाळी आप्पा एकटेच आले. घागर मात्र सोबत नव्हती.

"काय म्हणाल्या?" मी दारातच विचारलं.

"टँकर बंद होस्तवर हलत न्हाई म्हनली. रांग कोन बघंल? तवर घागर हितंच ऱ्हाऊ द्या म्हनली, येताना संगं आनीन." आणि चपला काढताना पुटपुटले, "बराबर हाय तिचं."

पंधरा दिवसांनी टँकरची पाहणी करायला मी पुन्हा त्या गावात गेलो. रविवार होता. लिंबाच्या पुढं, भर उन्हात, रांगेच्या अगदी शेवटी विभूतीचे पट्टे घामानं ओघळलेले आप्पा उभे होते. खांद्यावर तीच तांब्याची घागर. कोरलेल्या नावाखाली खडूनं एकोणसाठ नंबर.

"आप्पा! तुम्हाला तरी पुढं घ्यायचं होतं त्यांनी."

"कामून?" ते दचकून म्हणाले. "समद्याला नंबर हाय. मी तर उशिरा आलेलो."

पुढून पाइपाच्या बाजूनं खणखणीत आवाज आला.

"ओ एकुनसाट! उन्हात कामून उबारलाव? लिंबाखाली सरका!"

सगळी रांग वळून बघू लागली. आप्पा घागर सांभाळत मुकाट्यानं लिंबाखाली सरकले.